फक्त वाटी झिजली असेल, तर पूर्ण गुडघा बदलायचा का?

झाशीचा किल्ला तुम्ही चढून जाता, पण उतरताना गुडघ्याच्या पुढच्या बाजूला कळ येते? उकिडवे बसल्यावर उठताना आधार लागतो? वय चाळिशीचे असेल, तर ‘एवढ्यात कसला संधिवात?’ म्हणत आपण बाम चोळत राहतो.

गुडघ्याचे तीन भाग असतात : आतला, बाहेरचा आणि वाटी व मांडीच्या हाडामधला. वाटी वारंवार सरकत असेल, खोबण उथळ असेल किंवा जुनी दुखापत असेल, तर कमी वयातही फक्त तिसरा भाग झिजू शकतो. सपाट रस्त्यावर त्रास कमी होतो, पण पायऱ्यांवर वाटीवर शरीराच्या वजनाच्या सुमारे तिप्पट भार येतो.

आधी काय कराल?

मांडीचे स्नायू बळकट करणारी फिजिओथेरपी नियमित करा, वजन आटोक्यात ठेवा. बिजौलीच्या कारखान्यात खाली बसून काम करत असाल, तर उंच स्टूल मागून घ्या. अनेकांना एवढ्यानेच आराम पडतो.

रोबोट काय करतो?

तरीही दुखणे थांबले नाही आणि बाकीचे दोन भाग चांगले असतील, तर फक्त वाटीचा सांधा बदलता येतो. यात गुडघ्यातले लिगामेंट शाबूत राहतात. काही रोबोटिक पद्धतींत आधी सीटी स्कॅनवरून गुडघ्याचा थ्रीडी नकाशा तयार होतो. ठरलेल्या हद्दीबाहेर हाड कापले जाऊ नये, म्हणून रोबोटचा हात अवजाराला अडवतो. पण शस्त्रक्रिया करतो तो सर्जनच.

होकार देण्याआधी विचारा

• वाटीचा वेगळा एक्स-रे आणि एमआरआय पाहून बाकीचा गुडघा चांगला असल्याची खात्री केली का?
• तुम्ही अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत?
• रोबोटचा खर्च वेगळा किती? 2017 मध्ये सरकारने किमतीची मर्यादा घातली ती कृत्रिम सांध्यावर, रोबोटच्या खर्चावर नाही.
• पुढे पूर्ण गुडघा बदलावा लागला तर?

शेवटचा प्रश्न तरुणांनी टाळू नये. उरलेला गुडघा पुढे झिजू शकतो. म्हणूनच वाटीच्या सांध्यानंतर पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचे प्रमाण पूर्ण गुडघा बदलण्यापेक्षा जास्त आहे. रोबोट असला, तरी ही शक्यता संपत नाही.

तेव्हा जाहिरातीतला रोबोट पाहून घाई करू नका. दोन डॉक्टरांचे मत घ्या, घरच्यांशी बोला आणि मगच ठरवा.