आमच्या खात्यांच्या नावावर चोरांचा डल्ला



रेल्वे आणि टपाल या दोन खात्यांवर सामान्य माणसाचा जो विश्वास आहे, तो पिढ्यान्पिढ्या कामगारांच्या घामातून उभा राहिला आहे. आज चोर त्याच विश्वासाच्या आडून लोकांच्या मोबाईलमध्ये शिरत आहेत. २०२३ साली ‘आयआरसीटीसी कनेक्ट’ अशा नावाची एक एपीके फाईल व्हॉट्सॲप व टेलिग्रामवरून फिरत होती. हे ॲप घातक आहे, असा इशारा खुद्द आयआरसीटीसीला द्यावा लागला. ‘पार्सल आले आहे, पत्ता अपुरा आहे, लिंक उघडून दुरुस्त करा’ असे संदेश टपाल खात्याच्या नावाने आले. ते खोटे असल्याचे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाने जाहीर केले.

याचा पहिला फटका तरुण मुलांना बसतो. घरचे तिकीट तेच काढतात, गेम आणि नवी ॲप तेच उतरवून घेतात. आपण पाळीवर किंवा बटवड्यावर असतो. फोन मुलाच्या हातात असला तरी पुष्कळदा त्यातल्या सिमला पगाराचे खाते जोडलेले असते. बाहेरून आलेली एपीके बसवली की ती एसएमएस वाचण्याची परवानगी मागते. ती मिळाली की बँकेचा ओटीपी परस्पर चोराच्या हाती पडतो.

यावर मुलांचा फोन काढून घेणे हा उपाय नव्हे. ॲप फक्त प्ले स्टोअरवरून घ्यावे व त्यातही बनवणाऱ्याचे नाव पाहावे. लग्नपत्रिका किंवा दंडाची पावती म्हणून आलेली एपीके उघडू नये. खेळाच्या ॲपने एसएमएसची परवानगी मागितली तर नाकारावी. फोनचे अपडेट टाळू नये. एवढे घरात बसून समजावले तर मुले ऐकतात.

तरीही चूक झालीच, तर मुलाने ती तात्काळ सांगितली पाहिजे. मार बसेल या भीतीने तो रात्रभर गप्प राहिला तर खाते रिकामे होते. फोनचे इंटरनेट बंद करून, दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय हेल्पलाईनला कळवावे. पहिले काही तास मोलाचे असतात.

पुराव्यांच्या तपासणीसाठी उत्तर प्रदेशची प्रयोगशाळा लखनौच्या महानगर भागात आहे, महाराष्ट्राची मुंबईत कलिना येथे आहे. परंतु त्यांचे काम गुन्हा घडल्यावर सुरू होते. त्याआधीचा बंदोबस्त आपल्यालाच करावा लागेल.

म्हणून आमचे प्रशासनाला सांगणे आहे की, खात्याच्या नावाने चाललेल्या फसवणुकीची सूचना प्रत्येक तिकीट खिडकीवर व टपाल कार्यालयात स्थानिक भाषेत लावावी. संकेतस्थळावर इशारा देऊन जबाबदारी संपत नाही. फसलेला प्रवासी जाब विचारतो तो खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला, आणि पार्सलचा राग निघतो तो पोस्टमनवर!

शाखांनीही मागे राहू नये. रेल्वे आणि टपाल वसाहतींत एका रविवारी मुलांना एकत्र बोलवावे. ज्या मुलांना यातले कळते, त्यांनाच बोलू द्यावे. वडिलधाऱ्यांनी समोर बसून ऐकावे. पगारवाढीसाठी आपण झगडतो, तर मिळालेला पगार राखणे हेही संघटनेचेच काम आहे, असे आम्ही मानतो.