'रन' आणि 'लागणे'

'रन' हा इंग्रजी शब्द आपण लहानपणीच शिकतो. 'रन म्हणजे धावणे' असे घोकतो आणि पुढे अडखळतो. कारण इंग्रजीत नळ 'रन' होतो, नाक 'रन' होते, दुकान 'रन' करतात, अमेरिकेत तर उमेदवार निवडणुकीलाही 'रन' करतो. मराठीत मात्र नळ वाहतो, नाक गळते, दुकान चालवतात, निवडणूक लढवतात. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले.

हे वाचून इंग्रजीपुढे दबून जायचे कारण नाही. आपले 'लागणे' पाहा. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, डोळा लागतो आणि एखाद्याचे बोलणे मनाला लागते. हे अर्थ आपल्याकडून कोणी पाठ करून घेतले नाहीत. घरात, गल्लीत ऐकता ऐकता ते आले.

म्हणूनच मराठी किंवा उर्दू शाळेतले मूल इंग्रजीत चुकले की त्याला ढ ठरवू नये. त्याला शब्दांची यादी मिळाली, शब्दांचा सहवास मिळाला नाही. शब्दार्थांच्या वह्या भरून घेण्यापेक्षा शाळांनी मुलांना इंग्रजी गोष्टी ऐकवाव्यात, चुकतमाकत बोलू द्यावे. 'लागणे' ज्या वाटेने आले, त्याच वाटेने 'रन'ही येईल.