मे महिन्याची परीक्षा!

मागच्या दिवाळीत पुण्याहून पवनारला जाताना आईच्या अंगणासाठी मस्त फुललेली हायड्रेंजिया नेली. किंमत विचारू नका! एप्रिलमध्ये उरल्या फक्त काड्या.

थंड देशांत बर्फ सोसून लवकर फुलणारी झुडपं निवडतात. तिथली फोर्सिथिया तर पानं फुटायच्या आधीच पिवळीधम्मक होते. आपण बर्फाच्या जागी ऊन धरायचं. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ पार जातो, राव!

मग लावायचं काय?

बोगनवेल : थंडी सरताना रंगते. एकदा रुजली की पाणी कमी, बहर जास्त!

धायटी : आपल्याच माळरानावरची. फेब्रुवारी-मार्चमध्ये लालभडक.

मोगरा : थंडीत छाटा, उन्हाळ्यात घमघमाट.

कण्हेर : उन्हाला भीक घालत नाही. पण अख्खं झाड विषारी, त्यामुळे घरात चिल्लीपिल्ली असतील तर नकोच.

आणि लावा पावसाळ्याच्या सुरुवातीला, म्हणजे उन्हाळ्याआधी मुळं खोल जातात.

आई मात्र माझ्या काड्यांकडे बघून एवढंच म्हणाली, "मे महिन्यात ज्याच्या दारात झाड हिरवं दिसेल, त्याच्याकडे फांदी माग. फुकट मिळते!"