पावसाळ्यातील खाट आणि शेगडी

दादर-परळच्या एखाद्या सभागृहात रविवारी सकाळी नेटवर्क मार्केटिंगची सभा भरते, तेव्हा ‘शिकणे’ हा शब्द तेथे वारंवार ऐकू येतो. नवा सभासद यादी करायला शिकतो, फोनवर बोलायला शिकतो, नकार पचवायला शिकतो. महिन्याअखेर त्याचा माल घरात पडून राहिला, तर त्याला उत्तर मिळते ते एकच : यादी लहान पडली, आणखी माणसे भेटा.

संस्था कशा शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या ख्रिस आर्गिरिस आणि डोनाल्ड शॉन यांनी १९७८ च्या आपल्या ग्रंथात शिकण्याचे दोन प्रकार वेगळे केले. पहिल्या प्रकारात चूक सुधारली जाते, पण ज्या नियमामुळे ती घडली तो नियम तसाच राहतो. दुसऱ्या प्रकारात नियमच तपासला जातो. आर्गिरिस यांचे उदाहरण खोलीचे तापमान राखणाऱ्या यंत्राचे आहे. ठरलेल्या अंशाखाली थंडी गेली की यंत्र उष्णता सुरू करते, परंतु हा अंश कोणी व का ठरवला, असे ते कधी विचारत नाही. ‘आणखी माणसे भेटा’ हा सल्ला त्या यंत्राच्याच जातीचा आहे.

दुसऱ्या प्रकारचे शिकणे पाहायचे तर गिरगावात जावे लागेल. १५ मार्च १९५९ रोजी तेथील एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर जसवंतीबेन पोपट आणि त्यांच्या सहा सोबतिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला प्रारंभ केला. पहिल्या दिवसाची चार पाकिटे भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे गेली. तोटा झाला तरी कोणापुढे देणगीसाठी हात पसरायचा नाही, हे आधीच ठरले होते. हाच पुढे ‘लिज्जत’ झाला.

त्याच वर्षी पावसाने गाठले. ऊन नाही म्हणून पापड वाळेनात आणि काम चार महिने बंद ठेवावे लागले. पुढच्या पावसाळ्यापूर्वी भगिनींनी एक खाट व एक शेगडी आणली. पापड खाटेवर, खाली शेगडी. काम थांबले नाही. ही सुधारणा पहिल्या प्रकारची, आणि तीही काही कमी मोलाची नाही.

खरा धडा मात्र दर्जाचा होता. आरंभी पापड दोन प्रतींचे होत. हलका माल स्वस्तात विकावा, हा हिशेब कोणत्याही दुकानदाराला पटण्यासारखा. ज्यांच्याकडून ८० रुपये घेतले होते ते छगनलाल पारेख, म्हणजे छगनबाप्पा, यांनी तो मोडून काढला. प्रत एकच, दर्जात तडजोड नाही, आणि हिशेब चोख ठेवायचा. येथे मेहनत वाढली नाही, नियम बदलला. पहिल्या वर्षाची विक्री ६१९६ रुपये होती. आज लाटणाऱ्या भगिनी चाळीस हजारांहून अधिक आहेत. वाटेत अपयशही आले. १९६१ मध्ये मालाडला शाखा काढण्याचा प्रयत्न फसला. महाराष्ट्राबाहेरची पहिली शाखा १९६८ मध्ये गुजरातेत वालोड येथे उभी राहिली.

लिज्जत ही नेटवर्क मार्केटिंगची कंपनी नव्हे, हे खरेच. पण माणसांचे जाळे तिचेही आहे, आणि म्हणूनच तुलना उपयोगी पडते. तेथे भगिनीला मोबदला मिळतो तो लाटलेल्या पापडाचा. दुसरी भगिनी आणल्याचा नव्हे. उद्या नवी भगिनी येणे थांबले, तरी कालच्या भगिनीचे लाटणे थांबत नाही. उलट प्रत्येकाने पाच जण आणायचे अशी साखळी घ्या : एक, पाच, पंचवीस, १२५, ६२५, ३१२५. एकूण ३९०६ माणसांत शेवटच्या पायरीवर ३१२५ उभी असतात, म्हणजे शंभरातली ऐंशी, आणि त्यांच्याखाली कोणीच नसते. साखळी कितीही वाढवली तरी हे प्रमाण हटत नाही. पैसा फिरवण्याच्या योजनांवर १९७८ चा कायदा बंदी घालतो. थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनी पिरॅमिड योजना आणि प्रवेशशुल्क या दोहोंना मनाई केली आहे. तरीही जेथे कागदोपत्री माल विकला जातो, तेथे तो शेवटी कोणी वापरला, हा प्रश्न उरतोच.

व्यापारी घराला हा प्रश्न नवा नाही. माल एका गोदामातून दुसऱ्यात गेला म्हणून कोणी त्याला खप म्हणत नाही. तेव्हा घरातील सुनेने वा मुलाने असा व्यवसाय मनावर घेतला असेल, तर त्याच्या रोजमेळात दोन रकाने हवेत : सभासदांनी उचललेला माल, आणि साखळीबाहेरच्या गिऱ्हाइकाने दाम मोजून नेलेला माल. दुसऱ्या रकान्यात पुन्हा एक खूण, त्याच गिऱ्हाइकाने दुसऱ्यांदा मागितला का? गटाच्या बैठकीत प्रथम बोलावे ते सर्वांत नव्या सभासदाने. ज्याचे उत्पन्न वरच्या पायरीवरून येते, त्याने शेवटी.

हे सांगणे सोपे, करणे अवघड. जी गोष्ट अडचणीची असते तिच्याविषयी संस्थेत कोणी बोलत नाही, आणि आपण बोलत नाही याविषयीही बोलत नाही, असे आर्गिरिस यांचे निरीक्षण होते. नात्यागोत्यात ही मुकाट्याची रीत अधिकच घट्ट असते. नणंदेने आणलेला डबा भावजय भिडेखातर घेते, मावशी पहिली रक्कम भरते ती भाचीचे मन मोडू नये म्हणून. दोघींची नावे विक्रीत लिहिली जातात. माल माळ्यावर जातो, पुढच्या लग्नकार्यात बोलणे तुटक होते, आणि गटाच्या बैठकीत त्या दोन डब्यांचा उल्लेख यश म्हणूनच होतो.

भुलेश्वरचा तो व्यापारीही ओळखीचाच होता. पण त्याला पाकिटे पुढे गिऱ्हाइकाला विकायची होती.