रत्नागिरी, आंब्याशिवाय

"आत्ता रत्नागिरी? अरे, आंबे संपले की!" शुक्रवारी ऑफिसमधून निघताना मित्र म्हणाला. त्याचं तरी काय चुकलं म्हणा. आपल्या डोक्यात रत्नागिरी म्हणजे हापूसची पेटी आणि जोडीला गणपतीपुळे. भर जुलैत तिकडे जाणारा एकतर वेडा, नाहीतर तिथला जावई.

मी दोन्ही नाही, तरी गेलो. रात्रीची गाडी, दिवसभर गाव, पुन्हा रात्रीची गाडी. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं, गाड्या हळू चालतात. झोप मस्त झाली.

स्टेशनबाहेर रिक्षावाले काका म्हणाले, "आता काय बघणार? मे महिन्यात यायचं ना!" म्हटलं, थिबा पॅलेसला चला.

थोडा इतिहास. इंग्रजांनी 1885 मध्ये ब्रह्मदेश घेतला आणि तिथला शेवटचा राजा थिबा याला एप्रिल 1886 मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. तेव्हा तो 27 वर्षांचा होता, म्हणजे माझ्या टीममधल्या पोरांच्या वयाचा! हा राजवाडा तयार झाला 1910 मध्ये, आणि डिसेंबर 1916 मध्ये थिबा इथेच गेला. आता हिशेब करा. 1916 वजा 1886 म्हणजे 30, पण पावसाळे भरतात 31. आमच्या धंद्यातली जुनीच चूक, एकाने हुकायची.

मे महिन्यात हे सगळं वाचून मी "बिचारा" म्हटलं असतं आणि आमरसाच्या ताटावर बसलो असतो. परवा मात्र खिडकीशी उभा होतो, बाहेर धो धो पाऊस, समोरचं काही दिसेना. दोन तासांत मला कंटाळा आला. त्या माणसाने असे 31 पावसाळे काढले, आणि परतीचं तिकीट नव्हतं.

गंमत म्हणजे याच गावात जन्मलेल्या टिळकांना 1908 ते 1914 इंग्रजांनी ठेवलं होतं मंडालेला, थिबाच्या राजधानीत. त्यांचं जन्मघर गावातच आहे. तेही बघितलं. थिबाची थोरली मुलगी नंतर ब्रह्मदेशात गेली खरी, पण परत रत्नागिरीलाच आली. तिची मुलगी टूटू इथेच मराठी बोलत म्हातारी झाली, 2000 साली वारली. म्हणजे कैदेचं गाव पुढच्या पिढीचं माहेर झालं.

माझं म्हणणं एवढंच, की सीझनमध्ये आपण गाव बघत नाही, गावाने आपल्यासाठी मांडलेलं दुकान बघतो. ऑफ-सीझनला दुकान बंद असतं, मग गाव दिसतं. आणि तेव्हा खर्च केलेले शंभर रुपये खानावळवाल्याला मे महिन्यातल्या पाचशेंपेक्षा जास्त उपयोगी पडतात, असं मला वाटतं. त्या दिवशी दुपारी खानावळीत मी एकटाच होतो. मावशींनी सोलकढी न मागता दोनदा वाढली.

तोटे आहेतच. कपडे वाळत नाहीत. समुद्रात अजिबात उतरू नका, तो लांबूनच बघायचा. किल्ल्यावरून कदाचित फक्त धुकं दिसेल.

असो. संध्याकाळी काकांनीच स्टेशनवर सोडलं. "मग, काय बघितलंत?" म्हटलं, पाऊस. ते हसले. "तो आमच्याकडे चार महिने फुकट असतो."