तिकीट महागलं, पण झाडांचं काय?

अमेरिकेत असलेल्या एखाद्या दादा-ताईच्या इन्स्टावर हे झाड तुम्ही पाहिलं असेल. बुंध्याशी उभा माणूस अगदी मुंगीएवढा दिसतो! कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतात, सिकोया नॅशनल पार्कमध्ये असलेलं हे ‘जनरल शर्मन’. उंची सुमारे ८४ मीटर, वय २,००० वर्षांहून जास्त. खोडाच्या आकारमानाने जगातलं सगळ्यात मोठं झाड.

सध्या चर्चा आहे ती तिकिटाची. १ जानेवारी २०२६ पासून वार्षिक पास नसलेल्या परदेशी पर्यटकांना अशा ११ लोकप्रिय पार्कमध्ये माणशी १०० डॉलर जादा मोजावे लागतात. मुलांना भेटायला गेलेल्या आई-बाबांनाही याची झळ बसणार. राग येणं साहजिक आहे, पण खरा प्रश्न वेगळाच आहे.

हे पार्क १८९० मध्ये झालं. राखायचं म्हणजे आग लागू द्यायची नाही, असं तेव्हा वाटायचं. पुढे कित्येक दशकं वणवे विझवले गेले. गंमत म्हणजे सिकोयाला आग हवी असते. जाड सालीमुळे तो छोटी आग सोसतो. धगीने त्याचे शंकू उघडतात आणि बी मोकळ्या मातीत रुजतं. आग थांबली, तसा खाली पालापाचोळा आणि वाळकं लाकूड साचत गेलं. त्यात दुष्काळ आणि वाढती उष्णता. २०२० आणि २०२१ च्या वणव्यांत ज्वाळा थेट शेंड्यापर्यंत पोचल्या. मोठ्या सिकोयांपैकी अंदाजे १३ ते १९ टक्के झाडं या दोन वर्षांत गेली. शर्मनच्या बुंध्याला फॉइल गुंडाळलेले फोटो तेव्हा व्हायरल झाले. पण ते जंगल वाचण्यात मोठा वाटा होता तो आधीच मुद्दाम लावलेल्या नियंत्रित आगींचा.

हे काम करायला अनुभवी माणसं लागतात. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पार्क सेवेतल्या सुमारे १,००० नव्या कर्मचाऱ्यांना एका फटक्यात काढलं गेलं. नंतर कोर्टाने त्यांना परत घ्यायला सांगितलं, पण घडी विस्कटायची ती विस्कटलीच.

म्हणून १०० डॉलर जास्त की कमी, यावर भांडण्याआधी विचारा, ते पैसे नक्की कुठे जाणार? नुसती पार्किंग आणि टॉयलेट सुधारली, तर सेल्फी छान येईल. झाडं मात्र पुढच्या वणव्याची वाट बघत उभी राहतील.

कधी तिथे गेलात आणि ‘नियंत्रित जाळ सुरू, रस्ता बंद’ असा बोर्ड दिसला, तर चिडू नका. ट्रिप फसली असेल, जंगल वाचत असेल.