ट्रकाला वेसण

आमच्या कारध्याचं नाव पावसाळ्यात बातम्यांत असतं, आणि तेही आकड्यासकट. वैनगंगा चढू लागली की पुलाजवळची पातळी तासातासाला जाहीर होते. २४५ मीटर म्हणजे इशारा, २४५.५० म्हणजे धोका. इथल्या चौथीतल्या पोरालाही हे पाठ आहे. बाकीचं वर्ष कारधा म्हणजे भंडारा सोडून साकोलीच्या रस्त्याला लागताना डुलकी लागली तर निसटून जाणारं गाव. महामार्गाचा नंबर सहाचा त्रेपन्न झाला तरी आमच्यात फरक पडला नाही. ट्रक तेव्हाही जात होते, आताही जातात.

त्यातला एक ट्रक मात्र जायचा थांबला. तो माझ्या मामाचा. टाटा १२१०, पुढे बुटकं नाक असलेला, नंबरप्लेटवर एमएच ३६. त्यानं आयुष्यभर रेती वाहिली, धान वाहिलं, विटा वाहिल्या. दिवाळीनंतर मंडईचा, म्हणजे गावजत्रांचा, मोसम सुरू झाला की वडशाच्या नाटक मंडळींचे पडदे आणि पेट्याही वाहिल्या. मग एक वर्ष पासिंग झालं नाही, दुसऱ्या वर्षी मामानं ते करायला नेलंच नाही. ट्रक वाडीत चिंचेखाली उभा राहिला. कोंबड्या केबिनमध्ये अंडी घालू लागल्या. भंगारवाला येऊन किलोचा भाव सांगून गेला. मामानं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. म्हातारा बैल विकायला काढलेल्या माणसाचं तोंड जसं होतं, तसं त्याचं झालं होतं.

माझ्या भाचीनं तो पेच सोडवला. पावसात खाली मान घालून उभ्या असलेल्या त्या ट्रकाकडे पाहून ती म्हणाली, "आजोबा, हा तं नंदी दिसते."

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. श्रावण अमावस्येला मोठ्यांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरांचा, म्हणजे तान्हा पोळा असतो. लाकडाचा बैल, पायाखाली चाकं, गळ्यात दोरी. सजवून दारोदार न्यायचा आणि बोजारा घ्यायचा; बोजारा म्हणजे बैलाच्या नावानं पोराच्या हातावर पडणारे पैसे. नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ साली हा सण सुरू केला असं सांगतात. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेला तर असे थोरले नंदी निघतात की ओढायला पोरांबरोबर बापही लागतात. त्याच सुमारास नागपुरात मारबतींचे पुतळे फिरतात. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून, आणि सोबत चालू राजकारणाची टर उडवणारे बडगे. म्हणजे मिरवणुकीत चालेल असं काहीतरी वेडंविद्रं, रंगीत, बिनकामाचं बनवणं आमच्या रक्तात आहे. बैलाला चाकं लावणारी माणसं आम्ही. आधीच चाकं असलेल्याचा बैल करणं त्यामानानं सोपं.

असं आम्हाला वाटलं.

पहिला वाद फ्लेक्सवरून झाला. वॉर्डातली तरुण मंडळी म्हणाली, "मामा, नंदीचा फोटो छापून चारी बाजूंनी ताणून देऊ जी, दोन तासांत काम." ती दोन तासांची सोय मला सहन होत नाही. आमच्या भागात दुकानांच्या पाट्या आणि ट्रकांचे डाले रंगवणारे पेंटर होते. एकाच ब्रशनं कमळ, मोर आणि मालकाच्या पोरीचं नाव काढायचे. फ्लेक्सनं त्यांना घरी बसवलं. त्यातलाच एक शोधून आणला. आता तो लोकांच्या घरांना चुना मारतो. त्यानं ट्रकाभोवती एक फेरी मारली, पत्र्यावर नख ओढून पाहिलं आणि म्हणाला, "गंज काढल्याशिवाय मी हात लावत नाही." चार दिवस पोरं पॉलिश पेपर घासत बसली. पावसाळी हवेत ऑइलपेंट वाळेना, फोड येऊ लागले. मग वर ताडपत्री बांधली, खाली शेगडी ठेवली, आणि चिंचेखाली आमचा रंगाचा कारखाना सुरू झाला.

त्यानं झूल थेट पत्र्यावर काढली. लाल, कडेला पिवळी वेल, मध्ये आरशाच्या टिकल्या म्हणून सायकलचे रिफ्लेक्टर. मागच्या डाल्यावर 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलेलं होतं. २०१५ साली राज्याच्या परिवहन खात्यानं ते शब्द लिहायला बंदी केली, पण मामाच्या ट्रकाला ते कुणी कळवलं नसावं. पेंटर म्हणाला, राहू द्या. हॉर्न म्हणजे शेवटी शिंगच, आणि ती आता लागणारच आहेत.

शिंगं सहा इंची प्लास्टिक पाइपची. पाइप नुसता तापवून वाकवला की चेमटतो; आत रेती ठासून तापवला तर गोल राहून वाकतो. ज्या ट्रकानं जन्मभर रेती वाहिली त्याची शिंगं रेतीनंच वळावीत, हे मला जरा जास्तच आवडलं. वेल्डरनं ती बिजागरीवर बसवली. गल्लीत वर विजेची तार आहे, आणि तारेखाली ताठ मानेनं जाणारा बैल फार दिवस टिकत नाही. बुरडाकडून बांबूच्या कमच्या आणि तट्टे आणून हौद्यात वशिंड उभारलं, त्यात तणस भरली. डोळे दोन हेडलाइट. बंद पडलेले होते, ते तसेच ठेवले. नुसत्या पापण्या रंगवल्या. बंद दिव्यांना अर्ध्या मिटलेल्या पापण्या काढल्या की ते दिवे दमलेले वाटतात, आणि तो दमलेला होताच.

मग उत्साहाच्या भरात आम्ही पोटाखालीही तणस बांधली. आणि बॅटरी लावून इंजिन सुरू केलं. ते तिसऱ्या झटक्याला सुरू झालं, याचा आनंद साधारण दहा मिनिटं टिकला. सायलेन्सर तापला, तणस धुमसू लागली. बादल्या, आरडाओरडा, अर्धी झूल धुऊन गेली. ही अक्कल सांगून ठेवतो: सजवलेल्या गाडीत इंजिन, सायलेन्सर आणि वायरिंग यांच्या आसपास वाळकं काही नको, आणि वाळूची बादली हाताशी हवी. कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या गाडीत मनाला येईल तसे बदल करू देत नाही, आणि पासिंग नसलेला ट्रक रस्त्यावर आणता येत नाही. तेव्हा ठरलं, नंदी वाडीतून निघेल, बाजूच्या मोकळ्या मैदानात फिरेल, इंजिन बंद, दोरीनं ओढायचा. पोरांचा नंदी नाही तरी कुठे स्वतः चालतो?

अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात 'बर्निंग मॅन' नावाचा मेळा भरतो. तिथे असल्या गाड्यांसाठी चक्क एक खातं आहे. त्याची परवानगी लागते, वेगाची मर्यादा ताशी पाच मैल, आणि गाडी इतकी बदललेली हवी की मूळची ओळखू येऊ नये. पहिल्या दोन गोष्टींना मी उभा राहून टाळ्या वाजवतो. तिसरी मला पटत नाही. आपल्याकडच्या चित्ररथांचंही तेच. दिल्लीच्या संचलनात २०१५ साली महाराष्ट्राच्या पंढरीच्या वारीला पहिलं बक्षीस मिळालं, ते मिळायलाच हवं होतं. पण खाली ओढणारा ट्रॅक्टर दिसू नये म्हणून झालर सोडलेली असतेच. आमच्या ट्रकाला झालर लावायची नाही, यावर मी अडून बसलो. नटबोल्ट दिसू देत, घासलेले टायर दिसू देत. तो ट्रक आहे आणि नंदीही आहे, हे एकदम दिसलं तरच गंमत. नुसता पत्र्याचा बैल बाजारातही मिळतो.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी असते. बैलाच्या खांद्याला, जिथे वर्षभर जू घासतं तिथे, तूप-हळद चोळून शेकतात आणि उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. मामाच्या घरी आता बैल नाहीत. मामी वाटी घेऊन वाडीत आली आणि ट्रकापुढे थांबली.

"याचा खांदा कोणता हो?"

कुणाला सांगता येईना. पेंटर वशिंडाकडे बोट दाखवू लागला. वेल्डर म्हणाला बंपर. मामा काही न बोलता वाकला, मागच्या चाकाजवळ गेला आणि पाट्यांवर हात ठेवला. एकावर एक रचलेले ते लोखंडी पाटे, तीस-पस्तीस वर्षं सगळं वजन ज्यांनी झेललं, मधला एक तडकलेला. "इथं," म्हणाला. मामीनं तिथे तूप-हळद लावली. चारही चाकांना. मी चेष्टेचं काही बोलणार होतो, ते राहिलं.

तान्ह्या पोळ्याला सकाळी पाऊस, दुपारी उघाड. नदी इशाऱ्याच्या खालीच होती. ग्रिलमधून वेसण ओवली होती, तिला जाड दोर बांधला. रिकामा झाला तरी तो चार टनांच्या घरातला जीव. पण टायरांत हवा भरून कठीण जमिनीवर आणला की चाळीस माणसांना सहज हलतो. पुढे मोठी माणसं, दोराच्या टोकाला पोरं. ब्रेकला लागणारी हवा इंजिनच देतं, म्हणून दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे घेतलेले दोघे जण सतत चाकाबरोबर चालत होते, आणि दोराच्या टोकापासून ट्रकापर्यंतच्या जागेत एकाही पोराला येऊ दिलं नाही. तारेखाली शिंगं खाली पडली, पलीकडे पुन्हा उभी राहिली. तेवढ्यासाठी पोरांनी त्याला तीनदा मागेपुढे केलं.

नंदी सजावटीच्या स्पर्धेत मात्र आम्ही बाद झालो. परीक्षक म्हणाले, बैल लाकडाचा हवा. मामानं हौद्याच्या फळ्या सागाच्या आहेत हे सिद्ध करण्यासाठी त्यांना वर चढायला लावलं. ते चढले, पाहिलं, आणि तरीही बादच केलं. माझ्या मते निकाल बरोबर होता. पहिलं बक्षीस एका चिमुकलीच्या वीतभर बैलाला मिळालं. शेंदूर इतका चढलेला की त्याचे कान कुठे संपतात तेही कळत नव्हतं.

त्यानंतर वशिंडातली तणस गायींनी ओढून खाल्ली. कोंबड्या केबिनमध्ये परत आल्या. शिंगं काढायची कुणाची तयारी नाही. दिवाळीआधी भंगारवाला पुन्हा आला, ट्रकाभोवती फिरला, या वेळी भाव चढवून सांगितला. मामानं त्याच्यापुढे रिकामी ताटली धरली आणि म्हणाला, भावाचं मागाहून, आधी बोजारा टाक. तो बिचारा गोंधळला. खिशातून दहाची नोट काढली, ताटलीत ठेवली आणि निघून गेला.